शाळा पाडण्याआधी तपासणी तरी करा

महोदय,

नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या शाळेची इमारत पाडून नवी बांधायची की आहे तीच दुरुस्त करायची, यावर गेल्या रविवारी संस्थेच्या सभेत दोन तास चर्चा झाली. मी इथली माजी विद्यार्थिनी, आणि आता माझा नातू इथे तिसरीत आहे. बहुतेकांचे म्हणणे पडले की पुढची कवेलूची (कौलारू) इमारत पाडावी आणि मागची स्लॅबची ठेवावी, कारण ती पक्की आहे. मला नेमकी उलटी भीती वाटते.

सभा आटोपल्यावर मी मागच्या इमारतीच्या जिन्याखाली गेले. वरच्या बीमला लांबच लांब भेग पडली आहे. पोपडा जरासा ओढला तर तळहाताएवढा काँक्रीटचा तुकडा हातात आला आणि आत सळई दिसली, गंजून पापुद्रे सुटलेली. सळई गंजली की फुगते आणि भोवतीचे काँक्रीट फोडते. वरून कितीही प्लास्टर लिंपले तरी आतला गंज थांबत नाही. मधल्या सुट्टीत याच जिन्याखाली पोरे डबे उघडून बसतात.

पुढच्या इमारतीच्या भिंती हातभर जाडीच्या, विटा-चुन्याच्या आहेत. एप्रिलात पारा ४३ वर गेला तरी त्या वर्गांत पंख्याखाली बसवते; स्लॅबच्या वर्गात दुपारी बसवत नाही. तिचीही दुखणी आहेत. मृगाआधी कवेलू फेरून घेण्याची पद्धत कधीच बंद पडली, त्यामुळे पाणी लाकडात मुरते. चुन्याच्या भिंतींवर मध्यंतरी कोणीतरी सिमेंटचे प्लास्टर केले, ओल आतच कोंडली आणि खाली लोणा (क्षारांची पांढरी बुरशीसारखी पूड) धरला. सागवानी तुळयांना वाळवी लागली आहे का, तेही बघावे लागेल. पण एवढ्यावरून ती पाडायची?

जुन्या आठवणींसाठी मी हे लिहीत नाही. राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी २५ जुलै २०२५ रोजी शाळेचे छत कोसळून ७ मुले गेली. पुढची इमारत धोक्याची निघाली तर तीही पाडावी, मी आड येणार नाही. पण ते सांगणार कोण? सभेत फिरत होते ते नव्या बांधकामाचे एस्टिमेट. स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल, कोणाच्याच हातात नव्हते. ज्याला बांधकामाचे काम मिळणार, त्यानेच जुनी इमारत पाडण्यालायक ठरवावी, हे मला पटत नाही. व्हीएनआयटीसारखी अभियांत्रिकी संस्था आपल्या शहरात आहे. तिथल्या किंवा कोणत्याही त्रयस्थ इंजिनिअरकडून दोन्ही इमारती वेगवेगळ्या तपासून घ्या.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे आणि अडथळ्याविना येता येईल असा मार्ग हवाच. त्यासाठी रॅम्प आणि मागे स्वच्छतागृहांची नवी खोली पुरेल. नव्या नकाशात मात्र मैदान अर्ध्यावर आले आहे, आणि बांधकाम होईपर्यंत मुले कुठे बसणार याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. कवेलू आणि तुळयांचे काम उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकता येईल.

जिन्यासाठी मात्र सुट्टीपर्यंत थांबता येणार नाही. तो उद्या सकाळी प्रार्थनेच्या आधी बंद करावा आणि वरचे वर्ग पुढच्या इमारतीत हलवावेत, एवढी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना हात जोडून विनंती.

— एक माजी विद्यार्थिनी, महाल, नागपूर