झऱ्याचे पाणी आणि मालकाचे पुस्तक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोकणातील गरम पाण्याच्या कुंडांविषयी पर्यटकांसाठी जो मजकूर छापला जातो, त्यात हे पाणी त्वचारोग आणि संधिवातावर गुणकारी असल्याचे विधान हमखास असते. मात्र ते कोणाच्या आधारावर केले आहे, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. या संदर्भात एका जुन्या, आता मूळ प्रतीत दुर्मीळ झालेल्या पुस्तकाकडे लक्ष वेधावेसे वाटते.

अमेरिकेतील पश्चिम व्हर्जिनियाच्या डोंगरांतील खनिज झऱ्यांविषयी विल्यम बर्क यांनी लिहिलेले हे पुस्तक १८४२ मध्ये न्यूयॉर्कहून प्रसिद्ध झाले. बर्क हे त्याच परिसरातील ‘रेड सल्फर स्प्रिंग्ज’ या आरोग्यस्थानाचे मालक होते. तेथील पाण्याने नाडीचा वेग मंदावतो, म्हणून क्षयासारख्या छातीच्या विकारांत ते उपयोगी पडते, अशी या झऱ्याची ख्याती सांगितली जाई. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी दाखवून दिला तो १८८२ मध्ये. त्यामुळे बर्क यांना सरळ लबाड ठरवणे अन्यायाचे होईल. पण गिऱ्हाईक कोणाचे वाढणार होते, हे तरी विसरू नये. पुढे १८४७ मध्ये, व्हाइट सल्फर स्प्रिंग्ज येथे निवासी डॉक्टर असलेल्या जॉन मूरमन यांनीही व्हर्जिनियाच्या झऱ्यांवर पुस्तक काढले. एकीकडे मालक, दुसरीकडे निवासी वैद्य. तटस्थ लेखक दोघांपैकी कोणीच नव्हे.

तरीही ही पुस्तके मला टाकाऊ वाटत नाहीत, कारण व्हर्जिनियाचे भूशास्त्रज्ञ विल्यम बार्टन रॉजर्स (पुढे अमेरिकेतील एमआयटी ही तंत्रशिक्षण संस्था स्थापन करणारे तेच) यांनी केलेली तेथील पाण्याची रासायनिक पृथक्करणे अशा साहित्यामुळे सामान्य वाचकापर्यंत पोहोचली. गफलत होते ती पुढच्या पायरीवर. पाण्यात कोणते क्षार किती आहेत हे पृथक्करण सांगते. त्या क्षारांनी कोणता रोग बरा होतो हे ते सांगत नाही. परंतु आकड्यांच्या तक्त्याशेजारी रोगांची यादी छापली की तक्त्याची विश्वासार्हता आपोआप यादीलाही चिकटते.

आपल्याकडे बहुतेकदा तो तक्ताही नसतो. वज्रेश्वरी-गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ, राजवाडी येथील कुंडांवर लोक श्रद्धेने स्नान करतात, त्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. मात्र जमिनीतील भेगांमधून खोल झिरपून, तापून वर आलेल्या या पाण्याचे तापमान, त्यातील घटक, तपासणीची तारीख आणि प्रयोगशाळेचे नाव दर्शवणारा फलक प्रत्येक कुंडापाशी असावा. शिवाय जेथे औषधी गुणांचा दावा केला असेल, तेथे तो करणाऱ्याचे नाव आणि त्या जागेशी असलेला त्याचा आर्थिक संबंधही छापणे पर्यटन विभागाने बंधनकारक करावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, चिपळूण