लेझरआधी मलमपट्टी

त्वचारोपणाची, म्हणजे मांडीसारख्या दुसऱ्या जागेची त्वचा काढून लावलेली, जखम लवकर भरावी म्हणून कमी तीव्रतेच्या लेझरची शिफारस करणारा आपल्या अंकातील लेख वाचला. बुडापेस्टचे डॉक्टर एंद्रे मेस्टर यांनी १९६०च्या दशकात उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून पुढे आलेली ही पद्धत थोतांड नक्कीच नाही. मात्र बहुतेक चाचण्या लहान आहेत, त्यांत तरंगलांबी आणि मात्राही निरनिराळ्या. रोपलेली त्वचा पहिले दोनेक दिवस खालच्या द्रवावरच तगते, मग रक्तवाहिन्या जुळतात. तेवढ्यात खाली रक्त साचले, जंतुसंसर्ग झाला किंवा त्वचा सरकली, तर लेझर काय करणार? (त्वचा काढलेल्या मांडीचा ठणका अनेकदा मूळ जखमेहून जास्त असतो, त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही.) रोपलेली त्वचा अशी बिघडू नये म्हणून रुग्णालयांनी यंत्राआधी मलमपट्टीत तरबेज परिचारिका नेमाव्यात.

– एक वाचक, पुणे