रद्दीत न गेलेले अंक

नाशिक

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

रंगकामासाठी माळा रिकामा केला आणि आजोबांची ट्रंक खाली आली. त्यातल्या विज्ञान-मासिकांच्या अंकांचं काय करू विचारलं, तर तू म्हणालास, "दे रद्दीत, सगळं नेटवर आहे." बरोबर आहे तुझं. 'पॉप्युलर सायन्स' आणि 'पॉप्युलर मेकॅनिक्स'चे जुने अंक गूगल बुक्सवर फुकट चाळता येतात, मीही चाळते. तरी ट्रंक दिलेली नाही. का, ते फोनवर सांगायला गेले की तू "हो गं, हो गं" करत दुसरंच काहीतरी बघत बसतोस, म्हणून लिहितेय.

आजोबा कामासाठी मुंबईला गेले की फोर्टातल्या फुटपाथवरून हे अंक आणायचे. परतीच्या पंचवटी एक्स्प्रेसमध्ये निम्मे वाचूनही व्हायचे. बहुतेक अमेरिकन, पाच-दहा वर्षं शिळे, कुणाकुणाचा चहा सांडलेले. 'पॉप्युलर मेकॅनिक्स' हे मासिक हेन्री विंडसर यांनी १९०२ मध्ये शिकागोत काढलं. तुम्हाला समजेल असं लिहिलेलं, हे त्याचं ब्रीद. समजायचं खरंच. अडायचं ते करायला बसल्यावर.

मुखपृष्ठांवर मी फारशी रेंगाळले नाही. फेब्रुवारी १९५१ च्या अंकावर एक गृहस्थ आपलं पिवळं हेलिकॉप्टर हाताने ढकलत गॅरेजमध्ये लावतायत. इथे वाड्यात सायकल लावायची मारामार! खरा माल मागच्या पानांवर, बारीक टायपात असायचा.

तिथलंच एक रेडिओचं सर्किट मी बारावीच्या सुट्टीत उभं केलं. त्यात होता सीके ७२२, रेथिऑन कंपनीने १९५३ मध्ये हौशी लोकांसाठी बाजारात आणलेला ट्रान्झिस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारा छोटा पार्ट. रविवार कारंजाजवळ रेडिओ दुरुस्त करणारे एक काका बसायचे. त्यांना नाव सांगितलं तर हसायलाच लागले. मग म्हणाले, "जर्मेनियम आहे ना? पीएनपी आहे ना? मग एसी १२६ लाव की. ठिपका ज्या पायापाशी असेल तो कलेक्टर." म्हणजे पदार्थ तोच आणि प्रकार तोच असला, की इथे मिळणारा ट्रान्झिस्टर चालतो; कलेक्टर हा त्याच्या तीन पायांपैकी एक.

एरियलबद्दल, म्हणजे लहरी पकडणाऱ्या तारेबद्दल, लेखात एवढंच होतं की ते पुरेसं लांब घ्या. आजीच्या 'चवीपुरतं मीठ'सारखं. लेखकाच्या गावात रेडिओ केंद्र हाकेच्या अंतरावर असणार. आपल्याला मुंबई दीडशेच्या वर किलोमीटर. दिवसा काही म्हणजे काही ऐकू येईना. सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, बसून एका विज्ञान मासिकात कारण शोधलं. मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा आयनांबराच्या, म्हणजे वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याच्या, खालच्या थरात शोषल्या जातात. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि वरच्या थरावरून लहरी परतून लांबवर पोचतात. मग तार गच्चीवरून शेजारच्या चिंचेपर्यंत नेली, अर्थिंगला नळाचा लोखंडी पाइप पकडला आणि जेवणं झाल्यावर इयरफोन कानात घालून बसले. बातम्या आल्या. मागे दुसरं कुठलंतरी स्टेशन कुरकुरत होतं, पण आल्या.

ओसी ७१ ची गंमत तर तुला माहीत असायलाच हवी. काचेचा, शेंगदाण्याएवढा ट्रान्झिस्टर, वरून काळा रंग. तो रंग ब्लेडने खरवडला की आत उजेड जातो, आणि जर्मेनियमला उजेड लागला की जास्त करंट वाहतो. झाला फोटोट्रान्झिस्टर! कंपनी हाच प्रकार ओसीपी ७१ नावाने महाग विकायची. लोक असं करतात हे कळल्यावर आत अपारदर्शक ग्रीस भरायला लागले, मग खरवडून उपयोग उरला नाही. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. हौशी लोकांनीच एकमेकांना सांगितलेलं.

आणि जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'वर ऑल्टेअर ८८०० हा घरी जोडायचा कॉम्प्युटर आहे. स्मृती २५६ बाइट, ना कीबोर्ड ना पडदा, नुसते खटके आणि दिवे. तो अंक बघून पॉल ॲलन आणि बिल गेट्स कामाला लागले, हे तू ऐकलं असशील. पण मासिकाकडे पाठवलेला मूळ नमुना वाटेत हरवला होता आणि फोटोतला डबा आतून रिकामा होता, हे? मला तर त्या अंकात हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

आता तुझ्याकडे येते. व्हिडिओतलं लाइट सेन्सर मॉड्यूल, म्हणजे उजेड ओळखणारं तयार सर्किट, मिळत नाही म्हणून प्रोजेक्टच बदलतोयस, असं परवा म्हणालास. मला हे पटलेलं नाही. त्या मॉड्यूलमध्ये असतं काय रे? बहुतेकांत एक एलडीआर (उजेडात रोध कमी होणारा रेझिस्टर), एक एलएम ३९३ कम्पॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप), एक प्रीसेट (फिरवून रोध बदलायचा रेझिस्टर) आणि चार-दोन साधे रेझिस्टर. व्हिडिओवाल्याला ते जोडलेलं मिळालं, तू सुटं आण. पुण्यात सुटे पार्ट मिळत नाहीत असं मला सांगू नकोस. नाहीच मिळाले तर इथून मामाबरोबर पाठवते, तो शनिवारी शिवनेरीने येतोय.

एलडीआर आणि एक रेझिस्टर सिरीजमध्ये लावून व्होल्टेज विभागून घे, मधला बिंदू कम्पॅरेटरच्या एका इनपुट पायाला आणि प्रीसेटचा मधला पाय दुसऱ्याला दे. उलट चाललं तर ते दोन पाय अदलाबदल कर. आणि ३९३ चं आउटपुट ओपन कलेक्टर असतं, म्हणजे ते फक्त खाली ओढतं, स्वतः वर जात नाही; तेव्हा आउटपुट सप्लायकडे ओढणारा पुल-अप रेझिस्टर विसरू नकोस. दहा किलोओहम चालेल. ब्रेडबोर्डवर लावलंस की फोटो काढून पाठव, फ्लॅश न मारता, म्हणजे रेझिस्टरचे रंग मला नीट दिसतील.

तुझी,
आई