बसऱ्याला गेलेल्या आजोबांचं नाव

लेस्टर, १२ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, इकडे इंग्लंडात ११ नोव्हेंबर एवढा का पाळतात, असं तुम्ही विचारलंत. फोनवर मनासारखं सांगता येईना, म्हणून लिहायला बसले.

इकडे तारखांना तोटा नाही. ५ नोव्हेंबरला गावोगावी होळ्या पेटवतात, फटाके उडवतात, कारण १६०५ साली गाय फॉक्स आणि मंडळींचा पार्लमेंट उडवायचा कट फसला. ती सगळी पोराटोरांची मौज. पण १९१८ साली ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजता पहिलं महायुद्ध थांबलं. पुढच्याच वर्षी राजा पंचम जॉर्जने आवाहन केलं आणि त्या ठोक्याला दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची प्रथा पडली. काल आमच्या वॉर्डातही औषधांची ट्रॉली जागच्या जागी थांबली, ज्यांना उठवत होतं ते पेशंट कॉटला धरून उभे राहिले. सगळ्यांच्या छातीवर कागदी पॉपी होती, युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचं फूल. लाल पाकळ्या, मधे काळा ठिपका. तिचे पैसे सैनिकांच्या कुटुंबांसाठी जातात.

इथल्या खेड्याखेड्यांत दगडावर मेलेल्यांची नावं कोरलेली आहेत. ती वाचताना मला तुमचे धाकटे चुलत आजोबा आठवतात. "बसऱ्याला गेला तो गेलाच," एवढंच आजी सांगायची. बसरा म्हणजे इराकातलं शहर. मराठा पलटणी तिकडे होत्या. तिथल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात उपाशी राहिल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला आतल्या इंग्रजी फौजेला तुर्कांपुढे शरण जावं लागलं.

ज्यांची कबर सापडली नाही अशा ४० हजारांहून जास्त सैनिकांचं स्मारक बसऱ्याजवळ आहे. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली. आपल्या साध्या शिपायांचा मात्र पलटणीवार नुसता आकडा! युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ साली या भेदभावाबद्दल माफी मागितली. शंभर वर्षांनी. बाबा, मला याचा फार संताप येतो. नावं कोरता येत नव्हती असंही नाही. लंडनचं सेनोटॅफ हे युद्धस्मारक ज्याने रेखाटलं, त्याच ल्युटेन्सच्या दिल्लीतल्या इंडिया गेटवर १३ हजारांच्या वर नावं आहेत.

म्हणून एक काम कराल? आजोबांचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि पलटण आठवत असेल तर तीही कागदावर लिहून ठेवा. काकांकडच्या ट्रंकेत पितळी बिल्ला होता, त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो मागवा, कडेवरची अक्षरंही दिसू देत. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कार्यालयात दादाला पाठवा, तुम्ही उन्हातान्हात जाऊ नका. इथून कमिशनला पत्र मी लिहीन आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करीन.

आई, बाबांना आठवण करत राहा. आणि पहाटे गार पाण्यात कपडे धुऊ नकोस, गुडघे धरतील.

तुमची,
ताई