शेवंती का रुसली होती

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं बाबा म्हणतीलच. कारण एवढंच की फोनवर बागेचा विषय निघाला की दोन मिनिटांत आपलं वाजतं. मी म्हणते कुंड्या कमी करा, बाबा म्हणतात बघू, आणि आई मध्येच विचारते, "तिकडे थंडी कशी आहे गं?" कागदावर मला कुणी मध्ये तोडू शकत नाही.

आधी एक कबुली देऊन टाकते. शेवंती माझ्यामुळे रुसली होती.

मागच्या वेळी येताना मी पिवळ्या दिव्यांची माळ आणली आणि व्हरांड्याच्या कठड्याला गुंडाळून दिली, आठवतंय ना? त्याच कठड्याखाली शेवंतीच्या आठ कुंड्या. संध्याकाळी ते इतकं सुंदर दिसलं की मी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. मी निघून आले आणि तुम्ही दोघं, लेकीने हौसेने लावलीय म्हणून, रोज रात्री झोपेपर्यंत माळ लावत राहिलात. डिसेंबर संपत आला तरी आठही कुंड्यांत पानंच पानं, कळी म्हणून नाही. बाबांनी दोनदा खत बदललं. आईने रोपवाल्याला बोल लावला. आणि मागच्या भिंतीशी, फुटक्या कुंडीत खोचून ठेवलेला त्याच झाडाचा फुटवा, ज्याला कुणी धड पाणीही घालत नव्हतं, तो मात्र फुलांनी वाकला. आईने हे नवल सांगितलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे शेवंतीवर पडायला नको होता तोच प्रकाश.

शेवंती रात्र मोजते. पावसाळा सरला की रात्री मोठ्या होऊ लागतात. अंधाराचे सलग तास पुरेसे भरले की ती कळी धरते. मध्ये दिवा आला की तिच्या हिशेबाने रात्र अजून लहानच असते, मग ती निवांत पानं काढत बसते. गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी हा दिवस-रात्रीच्या लांबीचा हिशेब तंबाखू आणि सोयाबीनवरून ताडला आणि १९२० साली प्रसिद्ध केला. आज फुलशेतीवाले शेवंतीच्या शेडमध्ये रात्री मुद्दाम दिवे लावतात आणि बहर हवा तितका पुढे ढकलतात. ते वीजबिल भरून जे साधतात, ते मी नुसत्या हौसेने करून ठेवलं. तेव्हा बाबा, तुमच्या खतात काही खोट नव्हती. रोपवाल्याशी आईने परत बोलायला सुरुवात करावी.

माळ काढू नका, फक्त दाराच्या बाजूला न्या. आणि सप्टेंबरपासून फुलं उमलेपर्यंत शेवंतीवर रात्रीचा कसलाच उजेड नको, व्हरांड्यातल्या बल्बचाही नको.

आता कुंड्यांचं. दिवाणखान्यात उभं राहून "अर्ध्या काढून टाका" असं मी म्हणाले ते चुकलंच. तेव्हा बाबा काही न बोलता उठून झारी घेऊन बाहेर गेले होते, ते मला अजून दिसतं. पण घाबरले होते हो मी. इथे आल्यावर बारा इंची मातीची कुंडी ओल्या मातीसकट वजनकाट्यावर ठेवून पाहिली, २२ किलो भरली. अशा कुंड्या तुम्ही उन्हाळ्यात सावलीला, पावसात पागोळ्यांपासून लांब आणि थंडीत पुढे उन्हाला नेता. वर्षातून तीनदा सगळं बिऱ्हाड हलतं. कंबर धरणार नाही तर काय?

म्हणजे काच होतो तो हलवाहलवीचा, कुंड्यांच्या आकड्याचा नाही. हे लक्षात यायला मला चार महिने लागले. मग एक युक्ती सुचली. जुन्या मातीच्या कुंड्यांतल्या पाच सगळ्यात देखण्या निवडायच्या, आईने कधी काळी गेरू लावून पांढरी नक्षी काढलेल्या. त्या दाराशी कायमच्या ठेवायच्या, रिकाम्या. झाडं वाढवायची आठ इंची प्लास्टिकच्या कुंडीत, मातीत निम्मं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिसळून. ती भिजलेली असली तरी चार-पाच किलोंच्या वर जात नाही. जे झाड बहरात असेल ते उचलून मातीच्या कुंडीत बसवायचं, बहर ओसरला की परत मागे. नाटकात असतं तसं, ज्याचा प्रवेश तो पुढे, बाकीचे विंगेत. बाकीच्या मोठ्या कुंड्या आहेत तिथेच सुखाने राहोत, त्यांना कुणी हात लावायचा नाही.

यात एकच मेख आहे. बाहेरच्या कुंडीच्या तळाशी पाणी साचतं, आणि डेंग्यूच्या डासाला असंच स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं. अंड्यापासून डास उडायला उबदार हवेत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून खाली विटेचे दोन तुकडे टाकून आतली कुंडी उचलून धरायची, भोक मोकळं आहे ना ते बघायचं आणि आठवड्यातून एकदा तळ कोरडा करायचा. कुंड्यांखालच्या ताटल्या नुसत्या उपड्या करून भागत नाही, घासाव्या लागतात. या डासाची अंडी कडेला चिकटून कोरडी झाली तरी महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी मिळालं की फुटतात. आई, हे काम बाबांना दे. त्यांना वार लावून दिलेलं काम आवडतं.

पण हे सगळं लिहायला बसले ते बाकाविषयी.

बागेतला तो सिमेंटचा बाक मी डोळ्यांसमोर आणला तर त्यावर काय दिसतं? झारी, दोन खुरपी, खताची अर्धी पोती, सुतळीचा गुंडा, आणि "कधीतरी लागेल" म्हणून जपलेले दह्याचे रिकामे डबे. त्यावर बसलेलं माणूस मला आठवतच नाही. इतकी वर्षं तुम्ही बाग केलीत, बागेत बसलात कधी? पाणी घालायला जाता, वाळकी पानं काढायला जाता, शेजाऱ्यांना फांद्या द्यायला जाता. बघायला मात्र पाहुणे येतात.

तेव्हा तो बाक आधी रिकामा करा. पाठीला टेकू हवा, नाहीतर दहा मिनिटांत आई उठेल. जुन्या आरामखुर्चीची पाठ बसवून घेता येईल. बाक पश्चिमेच्या भिंतीपासून हलवायला हवा, कारण ती भिंत दुपारभर तापते आणि उन्हाळ्यात संध्याकाळी तीच ऊब परत देत बसते. आणि बाकाभोवती संध्याकाळी फुलणारी झाडं हवीत, शक्यतो पांढऱ्या फुलांची. गुलबक्षी चारच्या सुमाराला उघडते, घड्याळ लावल्यासारखी. मग मोगरा. आई, या महिन्यात तू त्याची नेहमीसारखी छाटणी केलीच असशील. तो फुलतो नव्या फुटीवर, त्यामुळे हात आखडता घेऊ नकोस. मधुमालतीची वेल बाकामागच्या जाळीवर चढवा. तिचं फूल संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि मग लाल. एकाच घोसात तिन्ही वयाची फुलं दिसतात. रातराणी मात्र फाटकापाशीच बरी, जवळून आईचं डोकं चढतं.

पांढऱ्या फुलांचा आग्रह मी उगीच धरत नाही. तिन्हीसांजेला लाल आणि जांभळी फुलं आधी विझतात, पांढरी शेवटपर्यंत दिसत राहतात. त्यात वयाप्रमाणे डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळे रंग मळकट दिसू लागतात. बाबा, "गोकर्णाला आता पूर्वीची निळाई नाही, बियाणं बिघडलं" असं तुम्ही तीन वर्षं म्हणत होतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आठवड्याभरात तुम्हीच आईला हाक मारून म्हणालात, "अगं, हे बघ काय निळं आलंय!" आलं कुठून, होतंच ते. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचंही असंच झालं होतं. १८८३ पासून तो जिव्हर्नीला राहिला, तिथे स्वतः बाग उभी केली आणि म्हातारपणी तीच रंगवत राहिला. मोतीबिंदू वाढला त्या वर्षांतली त्याची काही चित्रं तांबूस-तपकिरी झालेली दिसतात. १९२३ साली ऑपरेशन झाल्यावर त्याला निळा परत भेटला. त्याने बियाण्याला दोष दिल्याचं माझ्या वाचनात नाही.

आईचं ऑपरेशन अजून व्हायचंय. तोवर गोकर्णाचं वर्णन बाबांनी करावं.

पावसाळ्यात सजावट वगैरे काही नको, निसर्ग करतो तेवढी पुरे. पहिले दोन-चार पाऊस झाले की रेन लिली आपली आपण उगवते, कोणी लावलीय हेही आठवत नाही. पावसाळ्यापुरता माझा हट्ट एकाच गोष्टीचा, पायऱ्या आणि फरशीवरचं शेवाळं. गेल्या वर्षी आई घसरली ते तुम्ही मला पंधरा दिवसांनी सांगितलंत, त्याचा राग अजून गेलेला नाही. माणूस लावून दर आठवड्याला खरखरीत ब्रशने घासून घ्या. पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा मारू म्हटलं तर बाबा म्हणतात कारखान्यासारखं दिसेल. नक्षी असेल तर? आई, गेरूवर पांढऱ्या वेली काढायचीस ना, तशाच पिवळ्या वेली पायरीच्या कडेवर काढ. रंग मी आणते. कड दिसल्याशी कारण.

थंडीचं फार लिहीत नाही, त्यात तुम्ही उस्ताद आहात. पिटुनिया, झेंडू, सप्टेंबर-ऑक्टोबरचं बी, सगळं तुम्हाला ठाऊक आहे. फक्त यंदा ती रोपं हलक्या कुंड्यांत लावा.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात येतेय, दहा दिवसांसाठी. दोन दिवस बाकाला देऊ, बाकीचे आठ त्यावर बसायला. खतांची पोती कुठे ठेवायची यावर भांडण होणार हे मला माहीत आहे. जिन्याखालची जागा मी आधीच मनाशी धरून ठेवली आहे.

तुमची,
धाकटी

ता. क. : बाबा, जास्वंदाची मोठी कुंडी मी येईपर्यंत जागची हलवायची नाही. मी आईला विचारून खात्री करणार आहे. आणि आई, त्यांची बाजू घेऊन "नाही हो हलवली" असं सांगू नकोस. फरशीवर कुंडीचा गोल डाग आहे, त्याचा फोटो माझ्याकडे आहे.