दागिन्यांचा प्रेस घेताना नुसते टन पाहू नका

मा. संपादक,
स. न.

प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत सोनारकाम आहे. ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि ते फेडल्यावर आणखी २ लाखांपर्यंत कर्ज मिळते. त्यातून पानं, फुलं, वाट्या पाडायला हायड्रॉलिक प्रेस घ्यावा असे मनात असेल, तर चौकशी बहुधा 'किती टनाचा?' इथून सुरू होते आणि तिथेच संपते.

टन म्हणजे एकूण जोर. पत्र्याला भिडतो तो दर चौरस सेंटिमीटरचा दाब. २० टनांखाली, पत्रा डायवर (नक्षीच्या पोलादी ठशावर) दाबणारा ४ × ४ सें.मी.चा पीयू पॅड (पॉलियुरेथेन रबराचा) ठेवला तर दर चौ. सें.मी.ला सव्वा टन मिळतो. पॅड १० × १० चा असेल तर जेमतेम २०० किलो. मोठ्या पॅडवर नक्षी बोथट उठली की प्रेस कमी पडला म्हणतात. पॅड लहान करून बघायचे कुणाला सुचत नाही.

पत्रा कापायला तर फारच कमी जोर लागतो. कडेची लांबी गुणिले जाडी गुणिले दर चौ. मि.मी.ला २० किलो, असा नरम चांदीचा अंदाज धरावा. ३० मि.मी. व्यासाची, अर्धा मि.मी. जाडीची चकती कापायला त्या हिशेबाने साधारण १ टन पुरतो. उलट त्याच व्यासाच्या नाण्यावर दोन्ही बाजूंनी धारदार छाप हवा असेल तर ८० ते १०० टनांची तयारी ठेवावी. तेव्हा साजाची पोकळ पानं, पैंजणाची फुलं, कानातल्यांच्या वाट्या हे काम असेल तर २० टन भरपूर आहेत. नाणी पाडायची असतील तर ५० टनांचा प्रेस घेऊनही पंचाईतच.

गेजचा काटा दाब दाखवतो, टन नव्हे. पिस्टनचा व्यास विचारून घ्यावा. ८० मि.मी. असेल तर क्षेत्रफळ सुमारे ५० चौ. सें.मी.; काटा दर चौ. सें.मी.ला ४०० किलोवर आला की २० टन झाले. गेज नसलेला जॅकवाला प्रेस स्वस्त पडतो, पण एकदा जमलेला दाब दुसऱ्या दिवशी पुन्हा मिळत नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती समांतरपणात. बेअरिंग काढायला बनवलेल्या फ्रेमचा खालचा पाट दोन पिनांवर टेकलेला असतो, वरची प्लेट सैल. त्यात ठशाची एक बाजू खोल उठते, दुसरी कोरी राहते, आणि तिरक्या जोराने पिस्टनवर ओरखडे येऊन सील जाते. पैसे देण्याआधी सोल्डर तारेचे चार सारखे तुकडे पाटाच्या चार कोपऱ्यांत ठेवून हलके दाबावे आणि मायक्रोमीटरने जाडी मोजावी. फरक ०.०५ मि.मी.पेक्षा जास्त आला तर चार गाइड खांबांचा प्रेस दाखवा म्हणावे. (ते तुकडे लगेच उचलावेत. शिशाचा कण चांदीला चिकटून भट्टीत गेला की तिथे भोक पडते.) मग पोलादी ठोकळ्यावर १५ टन देऊन दहा मिनिटे थांबावे. काटा खाली सरकला तर सील किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे.

पॅड ८० शोअरचा (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचे माप) घेतला तर खोल वाटी चांगली बसते, बारीक रेषांना ९० ते ९५ लागतो. पॅडभोवती पोलादी कडे हवेच, नाहीतर रबर बाजूला पसरते आणि जोर वाया जातो. जाडीच्या पाव हिश्शापेक्षा जास्त पॅड दाबू नये, तडे जातात. डाय एचसीएचसी किंवा ओएचएनएस या जातीच्या हत्यारी पोलादाची, पाणी दिलेली (तापवून कडक केलेली) असावी. खोलगट जागी १ मि.मी.चे भोक पाडून घ्यावे. तिथे तेल किंवा हवा अडकली तर कितीही टन द्या, नक्षी भरत नाही.

पत्रा ०.३ ते ०.४ मि.मी. जाडीचा घ्यावा. ९२.५ टंचाची चांदी नरम करायला अंधाऱ्या जागी मंद लाल होईपर्यंतच तापवावी. त्यापुढे गेली की कण मोठे होऊन पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा उठतो. खोल घाट एका दाबात काढू नये. निम्म्यावर थांबून पत्रा पुन्हा नरम करावा. कोपऱ्यात फाटला तर डायची कड फार धारदार आहे किंवा तापवणे राहिले आहे. कडेला चुण्या पडल्या तर तुकडा मोठा कापावा. पॉवरपॅकमध्ये (प्रेसच्या तेलपंपात) ४६ किंवा ६८ ग्रेडचे हायड्रॉलिक तेलच घालावे. ब्रेक ऑइलने सील फुगते.

पाणी दिलेली डाय तिरकी दाबली गेली तर फुटून तुकडे उडतात. समोर जाड पॉलिकार्बोनेटचे कवच नसलेला प्रेस घेऊ नये. काच चालणार नाही. योजनेत ५ ते ७ दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण आहे. सोनारांच्या तुकडीला त्यातला अर्धा दिवस तारेची आणि गेजची चाचणी प्रत्यक्ष प्रेसवर करून दाखवावी, ही संबंधितांना विनंती.

– डायकाम करणारे काही कारागीर,
हुपरी (जि. कोल्हापूर)