दादाला केईएमला कधी नेताय?

प्रिय वहिनी,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. दादा हल्ली सर्रास थापा मारतो म्हणतेस, दिवसभर घरात बसून संध्याकाळी सांगतो की दादरला मामाकडे जाऊन आलो, आणि मग आई भडकते. पण मला नाही वाटत तो थापा मारतोय. इकडे मेलबर्नला मी ज्या केअर होममध्ये काम करते तिथे असेच एक आजोबा आहेत, वर्षानुवर्षं प्यायलेले, रोज मला सांगतात की आज सकाळी कामावर जाऊन आलो. आठवण तयारच होत नाही, मग मेंदू मधली रिकामी जागा काहीतरी घालून भरतो आणि त्यांना ते शंभर टक्के खरं वाटतं.

यात दारूइतकाच हात बी-वन व्हिटॅमिनचा, म्हणजे थायमिनचा. शरीरात त्याचा साठा जेमतेम 30 मिलिग्रॅम, दोन-तीन आठवड्यांत संपतो. आणि दादाचं जेवण काय, क्वार्टर आणि चकणा! वर दारूमुळे खाल्लेल्यातलं थायमिनही आतडी नीट शोषत नाहीत, लिव्हर साठवत नाही. साखरेतून ताकद काढायला मेंदूला ते लागतंच, नसलं की आठवणी सांभाळणारा आतला भाग खराब व्हायला लागतो. व्हर्निके नावाच्या जर्मन डॉक्टरने 1881 मध्ये या आजाराचे पहिले तीन पेशंट लिहून ठेवले, त्यातली एक बाई दारूडी नव्हतीच, ॲसिड प्यायल्यामुळे सारख्या उलट्या होऊन तिच्या पोटात काही राहत नव्हतं. इथे ऑस्ट्रेलियात तर 1991 पासून पावाच्या पिठातच थायमिन घालायचा नियम आहे, यावरून समज.

तू म्हणालीस की न पितासुद्धा तो जिना उतरताना भिंत धरतो, पाय फाकवून चालतो. मला भीती त्याचीच वाटते. डोळे थरथरतात का, एकाचे दोन दिसतात का ते बघ, पण सगळी लक्षणं एकदम दिसतीलच असं नाही, त्यामुळे वाट बघत बसू नका.

आता नीट वाच. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेऊन अशक्तपणा म्हणून ग्लुकोजची बाटली लावून आणू नका. थायमिन नसताना नुसतं ग्लुकोज दिलं तर असलेलं थायमिनही त्यात खर्च होतं आणि मेंदूचं नुकसान वाढू शकतं, थायमिन आधी किंवा निदान सोबत जायला पाहिजे, तेही शिरेतून, अशा वेळी गोळ्या पुरत नाहीत. सरळ केईएमला न्या, परळ काय लांब आहे आपल्याला! आणि किती पितो, किती वर्षं, हे स्पष्ट सांगायचं. आई लाजेने "कधीतरी घेतो" म्हणेल, तिला बोलू देऊ नकोस.

अजून एक, आई बाटल्या ओतून टाकायच्या गोष्टी करतेय. इतक्या वर्षांची दारू एका दिवसात बंद केली तर फिट येऊ शकते, भास होतात, जीवावरही बेततं. ती डॉक्टरांच्या हाताखालीच सोडवायची. पुण्याचं मुक्तांगण वगैरे नंतर बघू.

वेळेत उपचार मिळाले तर डोळे लवकर सुधारतात, चालायला वेळ लागतो, आठवण मात्र बऱ्याच जणांची पूर्ण परत येत नाही, उगाच खोटी आशा दाखवत नाही तुला.

पैसे पाठवलेत. उद्याच जा, भावोजींना बरोबर घे, आणि डॉक्टर काय म्हणाले ते कळव, माझ्या ड्युटीचा विचार करू नकोस.

तुझी,
सुमी